फिश ऑइल हाडांसाठी घ्यावं का? बरेच महिने घेऊन झाल्यावर सांगते

थेटच सांगते, फक्त हाडांसाठी म्हणून फिश ऑइल घेणार असाल तर फार आशा लावून बसू नका. वाईट आहे असं नाही, मी अजूनही घेते, पण बाटलीवर 'बोन अँड जॉइंट' असं ठळक छापलेलं असतं ना, त्यातलं जॉइंट थोडंफार पटतं, बोनचं काय झालं ते एवढ्या महिन्यांत कळायला मार्गच नाही.

माझं वय पन्नाशीच्या पुढे, पाळी गेलेली, आणि डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीत, कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा) उणे 1.8 आला. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधलं ते ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत पण ऑस्टिओपोरोसिसपर्यंत गेलेलं नाही. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी ची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, कॅल्शियमच्या गोळ्या, रोज चालणं आणि थोडं वजन उचलणं एवढंच सांगितलं. फिश ऑइल हे बहिणीचं खूळ, ती घेते म्हणून मीपण सुरू केलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले घ्या हवं तर, पण याच्या भरवशावर कॅल्शियम बंद करू नका.

आता एक गोंधळ जो जवळजवळ सगळ्यांचा होतो. लहानपणी घरोघरी ज्या पिवळ्या पारदर्शक गोळ्या द्यायचे ते कॉड लिव्हर ऑइल, माशाच्या यकृताचं तेल, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी असतं आणि मुडदूस झालेल्या मुलांना ते द्यायचे ते त्या डी मुळेच. साधं फिश ऑइल माशाच्या अंगातलं, त्यात ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-3 असतात, डी नावापुरतंच. म्हणजे हाडांसाठी म्हणून जी ख्याती आहे ती एकाची आणि विकत आणतो आपण दुसरंच! आणि म्हणून उठून कॉड लिव्हर ऑइल भरपूर घ्यावं तर तेही नाही, कारण व्हिटॅमिन ए जास्त झालं की हाडांनाच त्रास, मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर दोन्हीकडून ए जातंय का ते बघा.

दुसरं म्हणजे लेबल. पुढे 1000 मिग्रॅ लिहिलेलं असतं ते नुसत्या तेलाचं वजन, मागे बारीक अक्षरात बघा, साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120 म्हणजे कामाचा माल 300 मिग्रॅच. ट्रिपल स्ट्रेंथवाल्या महाग वाटतात पण हिशोब ईपीए-डीएचए चा केला की तेवढ्या महाग पडत नाहीत.

घेण्याचा अनुभव: रिकाम्या पोटी घेतली की दुपारपर्यंत माशाचे ढेकर, आम्ही मालवणी माणसं तरी नको झालं. भरल्या पोटी दुपारच्या जेवणानंतर घ्यायला लागले तेव्हा ते थांबलं. ऑनलाइन मागवलेली एक बाटली मात्र खवट निघाली. ताज्या तेलाला माशाचा सौम्य वास असतो, खवट तेल घशात खवखवतं, शंका आली तर एक कॅप्सूल टाचणीने फोडून वास घ्या.

फरक? सकाळी बोटं आखडायची ते कमी झालंय, गुडघापण जिना उतरताना कमी कुरकुरतो, पण त्याच काळात थंडी संपली आणि मी चालायलाही लागले, मग श्रेय कोणाला देणार. व्हिटॅमिन डी चा रिपोर्ट छान सुधारला, ते शंभर टक्के पुड्यांमुळे. युरोपात डू-हेल्थ नावाची मोठी ट्रायल झाली, सत्तरी ओलांडलेल्या 2157 लोकांवर तीन वर्षं, 2020 मध्ये निकाल आले, रोज 1 ग्रॅम ओमेगा-3 घेऊन मणक्याशिवायची इतर फ्रॅक्चर काही ठळकपणे कमी झाली नाहीत. हाडांची मोडतोड करणाऱ्या पेशींना ओमेगा-3 आवर घालतं असं प्रयोगशाळेत दिसतं म्हणे, पण माणूस काय प्रयोगशाळेत राहतो का. त्यामुळे 'दोन महिन्यांत हाडं मजबूत झाली' असे रिव्ह्यू दिसले की मला हसू येतं, हाडाची घनता इतक्या लवकर स्कॅनमध्येपण नीट दिसत नाही हो, यांना कुठून कळली.

त्यापेक्षा तारल्या खा, मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खा, ओमेगा-3 पण मिळतं आणि काट्यातलं कॅल्शियमपण. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आहेच. शाकाहारी मैत्रिणी जवसाच्या चटणीचं विचारतात, चटणी चांगलीच, पण जवसातल्या ओमेगा-3 चं ईपीए-डीएचए शरीरात फार थोडं बनतं, त्यांनी शेवाळापासूनचं डीएचए बघावं, कारण फिश ऑइल मासळीचं आणि वरचं कवचही बहुतेक वेळा जिलेटिनचं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर जास्त डोस तर नकोच.

मी हातातली बाटली संपवणार, पुढची आणायची की त्या पैशात मासळी आणायची ते अजून ठरलेलं नाही. डेक्सा परत वर्ष-दोन वर्षांनी करायला सांगितलंय आणि ते त्याच सेंटरला त्याच मशीनवर करा बरं का, वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.