डेबेझियम, आठ महिन्यांनंतर: नोंदी सगळ्या जुळल्या, तारखा सोडून

सेटअप नेहमीचाच. डेबेझियम म्हणजे एका डेटाबेसातले बदल टिपून पुढे पाठवणारं साधन. बिलिंग मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसवर, रिपोर्ट पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर, मध्ये काफ्का (बदलांचे संदेश वाहून नेणारी रांग) आणि डेबेझियम, शेवटी जेडीबीसी सिंक, म्हणजे ते बदल पोस्टग्रेसमध्ये लिहिणारा भाग. जागा इंदूर, राजवाड्याजवळचं नमकीनचं दुकान. बिनलॉग (मायएसक्यूएलची बदलांची नोंदवही) फॉरमॅट 'रो', रो-इमेज 'फुल' (बदललेली ओळ पूर्ण नोंदली जाते), सिंक 'अपसर्ट'वर (नोंद असेल तर बदल, नसेल तर नवी), डिलीट चालू. एवढं नीट असलं की बिल फाडल्यावर काही सेकंदांत नोंद पलीकडे दिसते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार साडेपाच तासांची आहे.

संध्याकाळी साडेसहानंतरचं प्रत्येक बिल रिपोर्टात उद्याच्या तारखेला जातं. सराफा बाजारात खाण्याची दुकानं लागतात ती वेळ, म्हणजे नमकीनची खरी विक्री नेमकी तेव्हाची. ३१ तारखेच्या रात्रीची बिलं सरळ पुढच्या महिन्यात. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायला बसलं की डोकं फिरतं. आणि सापडतही नाही लवकर, कारण नोंदींची एकूण संख्या दोन्हीकडे तंतोतंत, एकूण रक्कमही पैशापर्यंत जुळते.

या एका गोष्टीसाठी दोनच तारे द्यायचे ठरवले होते. आता चार, कारण खोट टेबलांत निघाली. मायएसक्यूएलच्या 'डेटटाइम' प्रकारच्या कॉलमला टाइमझोन नसतो. डेबेझियम त्यातलं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) धरून मिलिसेकंद पाठवतं. पलीकडचा कॉलम हातानं 'टाइमस्टॅम्पटीझेड' (टाइमझोन पाळणारा प्रकार) केलेला आणि सिंकचं सेशन यूटीसीवर असलं की १९:०० चे भारतीय वेळेत ००:३० होतात. मायएसक्यूएलचा 'टाइमस्टॅम्प' कॉलम मात्र बरोबर येतो, तो मायएसक्यूएल आत यूटीसीतच ठेवतं. एकाच ओळीत बिलाची वेळ चुकलेली आणि नोंद बदलल्याची वेळ बरोबर दिसली, तर रोग हाच.

इलाज म्हणून रिपोर्टात साडेपाच तास वजा करायचा जुगाड करू नका, बरोबर असलेले कॉलम बिघडतात. (सेटअप करून देणाऱ्यानं हाच जुगाड सुचवला, वर त्याचे वेगळे पैसे मागितले.) आधी सिंक थांबवा. कॉलमवर व्ह्यू (जपून ठेवलेल्या क्वेरी) असतील तर त्यांची व्याख्या जपून ठेवून ते काढा, नाहीतर पोस्टग्रेस टाइप बदलूच देत नाही. मग कॉलम पोस्टग्रेसच्या साध्या, टाइमझोन नसलेल्या 'टाइमस्टॅम्प'वर आणा, टाइप बदलण्याच्या आदेशातल्या 'यूजिंग'मध्ये 'अॅट टाइम झोन यूटीसी' लिहून. जुन्या नोंदीही त्यातच सुधारतात. टेबल पूर्ण नव्यानं लिहिलं जातं आणि तोवर कुलूपबंद राहतं, म्हणून हे काम दुकान बंद झाल्यावर.

'००००-००-००' अशा तारखाही आधीच शोधा: नल (रिकामी किंमत) चालणाऱ्या कॉलमात त्या नल होतात, नाहीतर १ जानेवारी १९७० म्हणून अवतरतात.

बिनलॉगवर कंजूषी नको. त्याच्या फाइली ठेवण्याची मूळ मुदत ३० दिवसांची आहे. डिस्क वाचवायला ती २ दिवसांवर आणली आणि कनेक्टर (डेबेझियमचा बिनलॉग वाचणारा भाग) ३ दिवस बंद पडला, की जिथून वाचायचं ती फाइलच उरत नाही आणि पुन्हा पूर्ण स्नॅपशॉट (सगळ्या टेबलांची नव्यानं नक्कल) घ्यावा लागतो.

कंजूषी करायचीच तर मेमरीत वाव आहे का? फारसा नाही. काफ्का ब्रोकरची (संदेश साठवणाऱ्या सर्व्हरची) हीप, म्हणजे त्याला दिलेली मेमरी, मुळात १ जीबी, काफ्का कनेक्टची (ज्यात डेबेझियम चालतं) २ जीबीपर्यंत. ४ जीबीच्या मशीनवर पोस्टग्रेसही बसवलं तर दाटीवाटी होते. एका दुकानासाठी एवढा पसारा अजूनही खटकतो.

रोजची पडताळणी एकूण संख्येवर ठेवू नका. दोन्हीकडे तासवार मोजणी आणि बेरीज काढा, शेवटची १० मिनिटं वगळून. साडेपाच तासांची सरक तिथे पहिल्याच दिवशी दिसते.