चुंबकी टॅक्टिक्स बोर्ड आणि मोरोक्कोच्या अकरा चकत्या

हा बोर्ड मी घेतला तो भाचीच्या एका प्रश्नामुळे. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमधली मोरोक्को-स्पेन मॅच आम्ही परत बघत होतो. ती म्हणाली, "मामा, बॉल तर सारखा स्पेनकडेच आहे, मग तू एवढा खूश का?" तोंडी सांगून जमेना.

वस्तू साधी आहे. घडीचा बोर्ड, मैदानाच्या रेघा, दोन रंगांच्या चकत्या, पेन आणि पुसणी. मोरोक्कोचा ४-१-४-१ (मागे चार बचावपटू, त्यांच्यापुढे एक, मग चार, सगळ्यांत पुढे एक) मांडला आणि पैसे तिथेच वसूल झाले. बचावफळी आणि मधल्या फळीत जेमतेम दोन बोटांची जागा, त्यात अमराबत एकटा. पुढे स्ट्रायकर एन-नेसिरी स्पेनच्या सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) मागे न धावता त्यांच्या मधल्या फळीतल्या बुस्केट्सच्या आसपास. उजवा बचावपटू हकिमीच्या मदतीला त्याच बाजूचा विंगर झियेश पार मागे आलेला. स्पेनच्या चकत्या भाची स्वतः सरकवत होती. आडवा पास, मागे पास, परत आडवा. पाच मिनिटांत वैतागली. "आत जायला वाटच नाही!" स्पेनने त्या दिवशी हजारावर पास दिले, १२० मिनिटांत गोल शून्य, आणि शूटआउटमध्ये तिन्ही पेनल्टी वाया; मॅच मोरोक्कोची. उपांत्य फेरीपर्यंत मोरोक्कोवर झालेला एकमेव गोल कॅनडाविरुद्धचा, तोही त्यांच्याच बचावपटू अगर्दचा स्वयंगोल.

चकत्यांची पकड मात्र सुमार. बोर्ड उभा केला की हळूहळू घसरतात. माझी डावी बाजू दर वेळी पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसते. (डावा बचावपटू मझरावी नसताना त्या जागी खेळलेल्या अतियत-अल्लाहच्या क्रॉसवर, म्हणजे कडेने गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, पोर्तुगाल हरलं, म्हणून त्या चकतीवर राग धरवत नाही.) लाल पेनाचे बाण पुसले तरी गुलाबी डाग राहतो.

खरी अडचण पुढे आली. उपांत्य फेरीतली फ्रान्सची मॅच मांडली. मोरोक्कोचे तेव्हाचे प्रशिक्षक रेग्रागुईने पाच बचावपटू उतरवले, पाचव्याच मिनिटाला फ्रान्सच्या थिओ हर्नांडेझचा गोल, विसाव्या मिनिटाच्या सुमारास दुखापतग्रस्त बचावपटू सईस बाहेर आणि पुन्हा चौघांची फळी. आता चेंडू मोरोक्कोकडे. त्यांच्या अल-यामिकची ओव्हरहेड किक खांबाला लागली, पण गोल होईना. भाचीने विचारलं, का? बोर्डाकडे उत्तर नाही. चकत्या तर जागच्या जागी दिसतात! मधल्या फळीतला उनाही चेंडू घेऊन किती वेगाने सुटतो, हकिमीची धाव अर्धा सेकंद आधी सुरू होते की नंतर, हे चुंबकाला कुठून कळणार?

आणि त्या काळात मोरोक्कोचं दुखणं नेमकं तिथेच होतं. समोरचा पुढे आला की मागे मोकळी जागा मिळायची, तेव्हा हे धोकादायक. समोरचाच मागे बसला की नुसते क्रॉस आणि देवाचा धावा. जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिका कपात दक्षिण आफ्रिकेने त्यांना असंच ०-२ ने घरी पाठवलं. ०-१ असताना हकिमीची पेनल्टी बारला लागली.

तर बचाव शिकवायचा असेल तर बोर्ड घ्या, पाचपैकी साडेतीन. हल्ल्यासाठी आम्ही चकत्या बाजूला ठेवून मॅचच रिवाइंड करतो. पेन काळंच वापरा.