कॅसेटमधली आजी: प्लेअरचा स्नॅपशॉट की एफएफएमपेग?

१९९३ मधल्या आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आम्ही गेल्या वर्षी डिजिटल करून घेतली, ती मुख्यतः आजीसाठी. तिचा धड असा एकही फोटो घरात नव्हता आणि कॅसेटमध्येही ती दिसते जेमतेम २० सेकंद, तीही सनगनच्या झगझगीत उजेडात डोळे मिचकावत. त्या २० सेकंदांतून तिचा एक फोटो काढण्यासाठी मी दोन मार्ग वापरून पाहिले: व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र थांबवून स्नॅपशॉट घेणे, आणि एफएफएमपेग या आज्ञा टंकून चालवायच्या प्रोग्रॅमने सगळी चित्रे वेगळी काढणे.

प्लेअरचा मार्ग सोपा आहे, यात वाद नाही. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतला गोंधळ दूर करणारी सोय) चालू केले की हलत्या हातांच्या कडांना दिसणारे कंगव्यासारखे दात बरेचसे जातात. आणि मंडळी फोटोसाठी उभी राहावीत तशी स्थिर उभी असतील, तर याहून अधिक खटाटोपाची गरज मला तरी वाटत नाही. माझे घोडे अडले ते निराळ्याच ठिकाणी. माझ्याकडच्या प्लेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकता येते, मागे मात्र येता येत नाही. आजीचे डोळे उघडले हे लक्षात येईपर्यंत कळ आणखी एकदा दाबली गेलेली असे, की पुन्हा काही सेकंद मागे जाऊन पहिल्यापासून सुरुवात. एका रविवारी तासभर हा उद्योग केल्यावर हाती आली ती अर्धवट मिटल्या डोळ्यांची चार चित्रे.

एफएफएमपेगमध्ये आज्ञा टंकावी लागते आणि पहिल्या दिवशी ते जिवावर येते. मात्र त्यातला बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेस करणारा फिल्टर काही न सांगताही प्रत्येक फील्डचे, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्राचे, स्वतंत्र पूर्ण चित्र बनवतो. आपल्याकडच्या पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० फील्ड असल्याने माझ्या फोल्डरमध्ये १,००० पीएनजी चित्रे जमली, आणि त्यांतून बाणाच्या कळीने हवे तसे मागेपुढे करत पापण्या पूर्ण उघडलेले चित्र मला दहा मिनिटांत सापडले. फील्डमध्ये निम्म्याच ओळी असतात आणि उरलेल्या फिल्टर भरून काढतो, त्यामुळे अगदी निश्चल दृश्यात कदाचित थोडी बारकाई कमी पडत असेल. आजीच्या चेहऱ्यावर मला तो फरक जाणवला नाही. फील्डचा क्रम उलटा दिला गेला तर लागोपाठची चित्रे पुढे-मागे थरथरतात, एवढे पाहावे. चित्रे ७२० × ५७६ अशी निघून चेहरे किंचित उभट दिसतात, म्हणून शेवटी ती ७६८ × ५७६ करून घ्यावीत.

चित्र मोठे आणि स्पष्ट करून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक ॲपही मुलीच्या आग्रहाने वापरले. चेहरा तुकतुकीत झाला, पण आजीच्या हनुवटीवरचे गोंदण कॅसेटचे दाणे समजून पुसले गेले. तेव्हा भिंतीवर लावले ते मूळ चित्रच, पोस्टकार्डाच्या आकाराचे; त्याहून मोठी प्रत काढल्यास दाणे दिसू लागतात.