आगीनंतर पुन्हा उघडलेलं आमचं इटालियन दुकान: सात महिन्यांचा अनुभव

दुकान एप्रिलमध्ये उघडलं तेव्हाच लिहायचं मनात होतं, पण मुद्दाम थांबले. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळेच भरल्या डोळ्यांनी आत शिरत होतो. त्या भरात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता सात महिने झाले. जवळजवळ दर शनिवारी जाते, घरातलं चीज, पास्ता, टोमॅटो, ऑलिव्ह तेल सगळं तिथूनच येतं, त्यामुळे काय परत आलं आणि काय नाही हे आता नीट सांगता येईल.

आम्ही न्यू जर्सीत ब्लूमफील्डला राहतो. नेवार्कच्या फर्स्ट वॉर्डात एके काळी इटालियन लोकांची मोठी वस्ती होती. 1950च्या दशकात नगरसुधारणेच्या नावाखाली तिचा मोठा भाग पाडून तिथे उंच सरकारी इमारती बांधल्या, आणि माणसं ब्लूमफील्ड, बेलव्हिल, नटली अशी पांगली. सेंट लूसीचं चर्च तेवढं जागेवर राहिलं. आमचं दुकान त्याच पांगापांगीत इकडे आलेल्या एका कुटुंबाचं. मी चौदा वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा ओळखीचं माणूस नव्हतं. मालवणच्या बाजारात वाढलेल्या मला, गिऱ्हाइकाला नावाने हाक मारणारं आणि कापण्याआधी तुकडा हातावर ठेवणारं हे पहिलं दुकान भेटलं.

आग लागली मागच्या वर्षी जानेवारीत, मध्यरात्रीनंतर. तळघरातल्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरच्या वायरिंगमधून. माणसाला इजा झाली नाही, ही मोठीच गोष्ट. ज्वाळा मागच्या खोलीपुरत्याच राहिल्या, म्हणून आम्हाला वाटलं महिन्याभरात उघडेल. पण खाण्याच्या दुकानात खरा घात धूर करतो. चीज धूर पिऊन घेतं, पिठाच्या आणि पास्त्याच्या पिशव्यांतून तो आत जातो, आणि आचेत तापलेले बंद डबेसुद्धा खाण्यालायक राहिले असं धरता येत नाही. सगळं फेकावं लागलं. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. वर्षभर मुरवलेल्या पार्मेजानो या कडक चीजची अख्खी चाकं कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जाताना पाहिली. एक चाक साधारण चाळीस किलोचं असतं आणि त्याला पाचशे लिटरहून जास्त दूध लागतं. दुकानाचे आजोबा प्रत्येक चाकाबरोबर दारापर्यंत येत होते आणि परत आत जात होते.

मग पंधरा महिने कुलूप. विम्याचे कागद, नगरपालिकेच्या परवानग्या, नवी वायरिंग. त्या काळात मी सुपरमार्केटमधलं पाकीटबंद चीज आणत होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता नवं दुकान. आत गेल्यावर पहिल्यांदा खटकतं ते छत. पूर्वी डोक्यावर प्रोव्होलोने चीजचे गोळे आणि सलामी, म्हणजे खारवून वाळवलेल्या मांसाच्या गुंडाळ्या, दोरीला लटकलेल्या असायच्या, उंच माणसाला वाकून जावं लागायचं. आता छताला स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की पाणी फवारणाऱ्या तोट्या, आहेत, आणि स्प्रिंकलरच्या खाली अठरा इंच जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर पाणी नीट पसरत नाही. म्हणून काउंटरमागे खाली एक लोखंडी दांडी बसवली आहे आणि सगळं तिथे टांगतात. मला जुनं छत फार आवडायचं. पण ज्या घराने एकदा आग पाहिली त्याने हा नियम पाळलाच पाहिजे, आणि त्यांनी पळवाट शोधली नाही याचं मला समाधान वाटतं. लाकडी जमीन जाऊन फरशी आली आहे. जुना वास, म्हणजे लाकूड, खारवलेलं मांस आणि कॉफी यांचा मिळून एक वास, तो अजून आलेला नाही. थोडाथोडा जमतोय.

नंबरच्या चिठ्ठीचं लाल यंत्र मात्र तेच आहे. काजळी पुसून पुन्हा दाराशी लावलं आहे.

आता मोझारेल्ला या ताज्या मऊ चीजविषयी, कारण हे दुकान मुळात त्यासाठीच. आधी आजोबा रोज सकाळी करायचे. आता त्यांचे खांदे दुखतात, म्हणून नात करते. एप्रिल-मे महिन्यातली मोझारेल्ला मला पटली नाही. चिवट होती, मीठ जास्त, आणि दुसऱ्या दिवशी रबरासारखी. मी तिला तसं सांगितलं. तिने वाईट वाटून घेतलं नाही, उलट पुढच्या शनिवारी नऊ वाजता ये म्हणाली. गेले. दह्यासारखं घट्ट जमवलेलं दूध, ज्याला ते कर्ड म्हणतात, ते चिरून मोठ्या परातीत घेतलं होतं. त्यावर कढत मिठाचं पाणी ओतलं. थोडा वेळ चुरा चुराच राहतो, मग कडा विरघळायला लागतात आणि तो गोळा लाकडी दांड्यावर उचलला की पुरणपोळीच्या कणकेसारखा लांब लोंबतो, चकचकीत. आजोबा शेजारी स्टुलावर बसले होते. ती तिसऱ्यांदा ताणायला गेली तेव्हा ते इटालियनमध्ये एवढंच म्हणाले, “बास्ता, बास्ता.” शब्दाचा अर्थ पुरे, आणि आवाज थेट आपल्या ‘बास’सारखा. जास्त ताणलं की आतलं दूध निघून जातं आणि चीज चिवट होतं, ती चूक होत होती. तिने तिथेच थांबून गोळे वळले, गार पाण्यात सोडले. एक मला कोमटच दिला. कापला तर आतून दूध पाझरलं. जुलैपासून मोझारेल्ला आजोबांच्या तोडीची आहे, आणि हे मी चौदा वर्षांच्या जिभेने सांगते आहे. अकराच्या आत जा, नंतर उरत नाही. घरी आणून फ्रीजमध्ये टाकू नका, त्याच दिवशी खा.

शाकाहारी मराठी मंडळींसाठी एक फार कामाची गोष्ट. खरं पार्मेजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पदार्थाशिवाय, होत नाही, तो त्याच्या नियमाचाच भाग आहे. पेकोरिनो रोमानो या चीजला कोकराचं रेनेट लागतं. आपल्याकडचे कितीतरी लोक वर्षानुवर्षं हे न कळता खातात. सासूबाई सांगलीहून जूनमध्ये आल्या, त्या कडक शाकाहारी. मी काउंटरवर विचारलं तर नातीने प्रत्येक चीजचं मूळ लेबल काढून दाखवलं, आणि दोन आठवड्यांनी पाहते तर ज्या चीजमध्ये प्राणिज रेनेट नाही त्याच्या पाटीवर हिरवं पान चिकटवलेलं. सासूबाईंनी निर्धास्तपणे मोझारेल्ला खाल्ली. ती कुठल्या रेनेटची हे डेअरीवर ठरतं, म्हणून दुसऱ्या दुकानात विचारूनच घ्या.

सासूबाईंचा आणखी एक शोध. कोपऱ्यातल्या फळीवर फार्रो नावाचं धान्य असतं. त्यांनी पाकिटावर हात ठेवला, दाणे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, ही तर खपली!” आणि ते बरोबर आहे. इटलीत ज्याला बहुतेक वेळा फार्रो म्हणतात तो आपला खपली गहूच. रात्रभर भिजवून त्यांनी गूळ आणि नारळाचं दूध घालून खीर केली, डबाभर दुकानात नेऊन दिली. आजोबांनी ती उभ्याउभ्या संपवली. तेव्हापासून मी फार्रो दर महिन्याला आणते.

टोमॅटोच्या डब्यांत निवड पूर्वीपेक्षा कमी आहे, पण जी आहे ती चोख. सान मार्झानो जातीचे टोमॅटो घेताना डीओपीचा, म्हणजे ठरलेल्या भागात ठरलेल्या पद्धतीने बनल्याचा युरोपीय, शिक्का आणि डब्याचा क्रमांक पाहा, आणि टोमॅटो अख्खे किंवा उभे कापलेले हवेत. बारीक फोडींच्या डब्यावर ते नाव दिसलं तर तो शिक्क्याचा माल नाही. पास्ता इटलीतल्या ग्रान्यानो गावचा मिळतो, पितळी साच्यातून काढून सावकाश वाळवलेला. हाताला खरखरीत लागतो, आणि त्या खरखरीला सॉस चिकटतो. उन्हात खाटेवर वाळलेल्या हातशेवया ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना या फरकाविषयी जास्त सांगायला नको.

तक्रारी आहेत. भाव आगीआधीपेक्षा बरेच चढले आहेत. बाहेरून आणलेलं प्रोशुत्तो, म्हणजे खारवून मुरवलेलं डुकराचं मांस, मी आता पाव पौंडच घेते. फोनवर ऑर्डर द्यायची सोय सुरू केली, पण दोनदा माझी ऑर्डर लिहूनच घेतली नव्हती, तेव्हा स्वतः जाणं बरं. शनिवारी दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि गरम सँडविचचा काउंटर बंद झाला आहे. मागच्या खोलीचं स्वयंपाकघर अजून पूर्ण झालेलं नाही. वांग्याच्या पार्मिजानाचं, म्हणजे टोमॅटो आणि चीज घालून भाजलेल्या वांग्याचं, सँडविच मी मनापासून विसरू शकलेले नाही आणि दर महिन्याला विचारते.

तरी जे मला सर्वात महत्त्वाचं होतं ते टिकलं आहे. अजून ते तुमच्यासमोर कापतात. स्लायसरवरचा पहिला काप उचलून कागदावर ठेवून पुढे करतात, जाडी बरोबर आहे का विचारतात, आणि तुम्ही मान हलवल्याशिवाय दुसरा काप पडत नाही. एवढं नुकसान झाल्यावर तयार पाकिटं भरून ठेवणं सोपं गेलं असतं, माणसंही कमी लागली असती.

आता नोव्हेंबर. गेल्या आठवड्यात दारात बाकालाच्या पाट्या आल्या आहेत, खारवून वाळवलेला कॉड मासा, फळीसारखा कडक. नाताळच्या आदल्या रात्री इथले लोक मासेच खातात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी मालवणात खाऱ्या बांगड्याच्या टोपलीजवळ उभी असल्यासारखी थबकले होते. दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. हवा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी नाव द्या, मधला जाड तुकडा मागा, शेपटीकडचा नको. काउंटरच्या डाव्या टोकाला वही ठेवली आहे, माझं नाव पहिल्याच पानावर आहे.