बी५५० मदरबोर्ड, नऊ महिन्यांनंतर: जास्तीचे पैसे कुठे गेले, कुठे वसूल झाले

कॉम्प्युटरचा जुना मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात ती मुख्य पाटी) गेला तेव्हा झाकण उघडून पाहिलं, तर प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर पोट फुगवून बसले होते. एकाच्या डोक्यावर तर तपकिरी पाझर. बारा वर्षं चालला, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण रत्नागिरीत माझं घरातच डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं) काम, आणि तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रांग लागते. म्हणून गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात मुंबई गाठली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार पालथा घातला आणि रात्रीच्या कोकणकन्येनं खोकी मांडीवर घेऊन परतलो.

प्रोसेसर आधीच ठरला होता: रायझन ५ ५६००जी. ग्राफिक्स त्यातच असल्यामुळे वेगळ्या कार्डाचा खर्च वाचतो. त्याआधी २०२२ मध्ये आलेलं एएम५ सॉकेटही (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) डोक्यात होतं, पण त्याला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅमच लागते आणि तिथं गणित बसेना. म्हणजे आधीचं एएम४ सॉकेट नक्की. उरला प्रश्न एवढाच, की ए५२० चिपसेटचा (बोर्डावरची जोडण्या सांभाळणारी चिप) साधा बोर्ड घ्यायचा की साडेतीन हजार जास्त मोजून बी५५० चा.

भाचा फोनवर होता. "मामा, बी५५० च घे, त्यात पीसीआयई ४ आहे." म्हणजे कार्डं आणि डिस्क जोडणाऱ्या वेगवान रस्त्याची चौथी पिढी. घेतला. त्याच भरात एसएसडीही (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) चौथ्या पिढीची घेतली, डब्यावर सेकंदाला पाच हजार एमबी लिहिलेली. तीन आठवड्यांनी वेग मोजला तर आकडा साडेतीन हजाराच्या आतच. एसएसडीत खोट नव्हती, बोर्डातही नव्हती. ५६००जी पीसीआयई ३ च देतो, बोर्डावर ४ लिहिलेलं असलं तरी. पहिला एम.२ स्लॉट (एसएसडी बसते ती खाच) थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, त्यामुळे प्रोसेसर देईल तेवढंच तिथं मिळणार. ही चूक माझीच, भाच्याला मी बोललो नाही. (थोडं बोललो.) आता खरं सांगायचं तर ऐंशी पानांचा दिवाळी अंक उघडताना या फरकानं काही अडलेलं नाही.

जोडणीत एकच संध्याकाळ वाया गेली. सगळं लावलं, बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, त्यातला मेमरीचा पिवळा दिवा पेटून राहिला होता. रॅम काढून परत बसवली. या बोर्डाला रॅमची खिट्टी एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू नुसती खाच. खिट्टीच्या बाजूनं 'खट्' आवाज आला की आपण समाधानी होतो, पण माझी पट्टी दुसऱ्या टोकाला केसभर वर राहिली होती. अंगठ्यानं दाबली आणि चित्र आलं. तो दिवा नसता तर मी प्रोसेसर काढून बसलो असतो. जवळ दुरुस्तीवाला नसेल त्यानं हे दिवे आहेत का, हे पाहूनच बोर्ड घ्यावा.

रॅमचंच आणखी एक. ३२०० च्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन्ही वाटा (चॅनल) चालतात. ग्राफिक्स प्रोसेसरातलंच असताना याचा फरक डोळ्यांना दिसतो. पण दोन महिने त्या २६६६ वरच धावत होत्या, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सोय, चालू करायचं राहून गेलं होतं. टास्क मॅनेजरात सहज पाहिलं म्हणून कळलं.

बायोसमधली दुसरी सेटिंग आमच्याकडे त्याहून महत्त्वाची: लाईट गेल्यावर परत आली की मशीननं आपोआप चालू व्हायचं की नाही. मी 'नाही'वर ठेवली आहे. पावसाळ्यात लाईट एकदा जात नाही, पाच मिनिटांत चार वेळा डोळे मिचकावते.

सुरुवातीला कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. टेस्टर टेकवला तर तोही मंद पेटायचा. बोर्ड खराब निघाला म्हणून धाबं दणाणलं, पण दोष घराच्या अर्थिंगचा होता. वायरमन बोलावून मागच्या अंगणातला जुना खड्डा पुन्हा मीठ-कोळसा घालून भरून घेतला, मुंग्या बंद.

आता ते जास्तीचे साडेतीन हजार. माझ्या मागच्या पोर्टांची हजेरी अशी: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, टॅब्लेट आणि मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल. सहा यूएसबी, सहाही भरलेले. पाहिलेल्या स्वस्त बोर्डावर चारच होते. रॅमचेही तिथं दोनच स्लॉट. एक कुरबुर मात्र आहे: दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की माझ्या बोर्डावरचे दोन साटा पोर्ट (हार्डडिस्क जोडायचे) मरतात. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं, मी वाचलं ते जुनी हार्डडिस्क दिसेनाशी झाल्यावर.

आणि मग मे महिना. वळवाची पहिली वीज कडाडली, घरात काही जळालं नाही, मशीन चालूच राहिलं, फक्त इंटरनेट गेलं. केबलवाल्याची तांब्याची तार गल्लीतल्या खांबावरून राउटरमधून माझ्या लॅन पोर्टात (इंटरनेटची केबल लागते तिथं) येत होती. राउटर मेला आणि बोर्डावरचा लॅनही. तीन वर्षांची वॉरंटी होती. बोर्ड कुरियरनं पाठवला, सतरा दिवस उसन्या लॅपटॉपवर काढले, आणि उत्तर आलं की विजेचा धक्का वॉरंटीत बसत नाही. बोर्ड जसा गेला तसा परत आला, वर कुरियरचा खर्च माझा. नियम असेल त्यांचा, पण हे पहिल्याच फोनवर सांगता आलं असतं.

शेवटी पाचशेच्या आतलं एक लॅन कार्ड आणून खालच्या छोट्या पीसीआयई स्लॉटमध्ये खोचलं. हा स्लॉट खरेदीच्या वेळी माझ्या हिशेबातही नव्हता. चिपसेटचं नाव बघत बसण्याऐवजी बोर्डावरची भोकं मोजली असती, तर याच किमतीत मी जास्त शहाणपणानं निवड केली असती. भाग्य एवढंच की तरीही हाच बोर्ड घेतला.

आता कनेक्शन फायबरचं करून घेतलंय. मेलेल्या लॅन पोर्टावर काळी चिकटपट्टी लावली आहे. गणपतीला भाचा येईल, आणि तो आला की पहिलं काम केबल जुन्याच भोकात घालायचं करतो.