नगरपालिका नसलेल्या गावात अटकेची नोंद शोधताना: शेरीफ, न्यायालय, राज्य की खासगी संकेतस्थळ?

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट आणि प्लेझंटन या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सुनोल हे नाव नाइल्स कॅनियनचा वळणावळणाचा रस्ता, तिथली जुनी रेल्वेगाडी किंवा सुट्टीच्या दिवशीची डोंगरभटकंती यांमुळे परिचित असते. सुमारे 900 वस्तीच्या या गावाला नगरपालिका नाही. अलामेडा काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) 14 शहरे आहेत आणि त्यांच्या हद्दीबाहेर सुनोल, कॅस्ट्रो व्हॅली, सॅन लोरेन्झो, अ‍ॅशलँड, चेरीलँड व फेअरव्ह्यू अशा सहा वस्त्या आहेत, ज्यांचा कारभार थेट काउंटी पाहते. महापौरपदच नसल्यामुळे सुनोलकरांनी 1981 मध्ये बॉस्को नावाच्या कुत्र्याला मानद महापौर म्हणून निवडून दिले आणि 1994 मध्ये मरेपर्यंत तो त्या पदावर राहिला. गंमत म्हणून हे ठीक आहे. परंतु महापौर नाही तसे गावाचे पोलीस खातेही नाही, आणि तिथे झालेल्या अटकेची नोंद शोधू लागणाऱ्याची पहिली अडचण हीच असते.

महाराष्ट्रात एखादी वाडीसुद्धा कोणत्या ना कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत मोडते आणि ते ठाणे कळले की पुढचा मार्ग सापडतो. सुनोलमध्ये मात्र किमान तीन यंत्रणा अटक करू शकतात. घरफोडी, मारहाण किंवा कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आली, तर काउंटीच्या शेरीफचे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचे, कर्मचारी येतात. नगरपालिकांच्या हद्दीबाहेरील रस्त्यांवरची वाहतूक कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलकडे असते, त्यामुळे 680 क्रमांकाच्या महामार्गावर किंवा नाइल्स कॅनियनमधून जाणाऱ्या 84 क्रमांकाच्या राज्यमार्गावर मद्यपान करून गाडी चालवणाऱ्याला बहुधा हेच खाते पकडते. डोंगरावरचे उद्यान ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्टच्या ताब्यात असून त्या संस्थेचे पोलीस वेगळे आहेत. अटकेचा कागद ज्या खात्याने अटक केली त्याच्याकडे असतो, गावाकडे नव्हे. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी अटक कोणी आणि केव्हा केली हे जितके निश्चित होईल तितके पुढचे काम सोपे जाते. टपालाच्या पत्त्यावर विसंबू नये, कारण पत्त्यात शेजारच्या शहराचे नाव असूनही घर नगरपालिकेच्या हद्दीबाहेर असू शकते.

पहिला आणि सर्वांत जलद पर्याय म्हणजे शेरीफच्या संकेतस्थळावरील कैद्यांचा शोध. 2019 मध्ये ओकलंडमधील ग्लेन डायर तुरुंग बंद झाल्यापासून डब्लिन येथील सँटा रीटा हा काउंटीचा एकमेव तुरुंग आहे, त्यामुळे वरच्या तीनपैकी कोणीही प्रौढ व्यक्तीला अटक करून कोठडीत ठेवायचे ठरवले, तर तिची आवक सामान्यतः तिथेच होते. आडनाव आणि नाव टाकले की नाव, काउंटीने त्या व्यक्तीला दिलेला पीएफएन क्रमांक, आरोपांची कलमे आणि जामिनाची रक्कम अशी माहिती मिळते. कलमापुढे ‘व्हीसी’ असेल तर ते वाहन कायद्याचे आणि ‘पीसी’ असेल तर दंडसंहितेचे, एवढे कळले तरी पुष्कळ उलगडा होतो. उदाहरणार्थ, 23152 हा आकडा दिसला, तर तो नशेत वाहन चालवण्याचा आरोप असतो. आपल्या लोकांना इथे नावाची अडचण येते. पारपत्रावर वडिलांचे नाव ‘दिलेल्या नावा’च्या रकान्यात गेलेले असते, कोणाच्या पारपत्रावर आडनावाचा रकानाच रिकामा असतो, आणि मग पहिला शोध निष्फळ ठरतो. अशा वेळी नावाचे दोन-तीन क्रम आणि स्पेलिंगे करून पाहावीत.

या पर्यायाची मर्यादा मात्र मोठी आहे. ही यादी आज कोठडीत कोण आहे एवढेच सांगते. जामिनावर सुटलेला माणूस तिच्यातून नाहीसा होतो. किरकोळ गुन्ह्यात अनेकदा न्यायालयात हजर राहण्याच्या लेखी वचनावर जागेवरच सोडले जाते आणि तुरुंगाच्या दप्तरात नोंदच होत नाही. म्हणून यादीत नाव नसणे म्हणजे अटक झालेलीच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

दुसरा पर्याय सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली अर्ज करण्याचा आहे. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज लिहिलेल्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. अटक झालेल्याचे पूर्ण नाव, व्यवसाय, जन्मतारीख व शरीरवर्णन, अटकेची वेळ आणि जागा, घटनेची वस्तुस्थिती, सर्व आरोप, जामिनाची रक्कम आणि सुटका कशी झाली किंवा सध्या कोठे ठेवले आहे, एवढा तपशील देण्यास कॅलिफोर्नियातील पोलीस यंत्रणा बांधील आहेत. तपासाला किंवा कोणाच्या सुरक्षिततेला धोका असेल, तरच त्यातला काही भाग रोखता येतो. 1 जानेवारी 2023 पासून हा कायदा नव्या क्रमांकांनी मांडला गेला असून ही तरतूद आता शासन संहितेच्या 7923.610 या कलमात आहे. जुन्या मार्गदर्शिकांत 6254 हा आकडा दिसला, तर तो त्याच तरतुदीचा पूर्वीचा पत्ता समजावा. अर्जावर 10 दिवसांत निर्णय कळवावा लागतो आणि विशेष परिस्थितीत आणखी 14 दिवस घेता येतात. प्रत काढण्याचा प्रत्यक्ष खर्च तेवढा आकारला जातो. अर्जाचे कारण सांगावे लागत नाही, परंतु अटक झालेल्याचा राहता पत्ता हवा असेल, तर पत्रकारिता, संशोधन, शासकीय काम अशा ठरावीक उद्देशाचे शपथपूर्वक निवेदन द्यावे लागते. ही अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मोडीत काढण्यास नकार दिला.

माझ्या मते हाच मार्ग सर्वांत कमी वापरला जातो आणि ताज्या अटकेबाबत सर्वांत भरवशाचा आहे. ‘ताज्या’ या शब्दाला महत्त्व आहे. 1993 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की हा तपशील समकालीन अटकांपुरताच द्यायचा आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या अटकेबद्दल अर्ज केला, तर खाते या निकालाकडे बोट दाखवून नकार देऊ शकते. शिवाय तपासाचा मूळ अहवाल अर्जदाराला मिळत नाही, त्यातली वस्तुस्थिती तेवढी मिळते. अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला, तर ‘आमच्याकडे नोंद नाही’ असे खरे, पण निरुपयोगी उत्तर येते. सुनोलच्या बाबतीत शेरीफ आणि हायवे पॅट्रोल या दोघांकडेही एकाच दिवशी अर्ज धाडणे मला शहाणपणाचे वाटते.

तिसरा पर्याय न्यायालयाचा. अटक झाली एवढ्याने न्यायालयात प्रकरण उभे राहत नाही. डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीने, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाने, आरोप दाखल केले, तरच अलामेडा काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात त्याचा क्रमांक पडतो. भारतात एका गुन्हा नोंदणी क्रमांकावरून सगळे शोधण्याची आपल्याला सवय असते. इथे अटक करणाऱ्या खात्याचा क्रमांक, तुरुंगाचा क्रमांक आणि न्यायालयाचा क्रमांक हे तीन वेगळे असतात आणि एकावरून दुसरा आपोआप कळत नाही. न्यायालयाच्या नोंदीचा मोठा गुण असा की पुढे काय झाले ते तिथेच समजते: आरोप मागे घेतले, निर्दोष ठरवले, की शिक्षा झाली. अटकेची नोंद गोष्टीचा आरंभ सांगते, शेवट नाही, आणि निर्णय घेणाऱ्याला शेवटच हवा असतो.

परंतु फौजदारी प्रकरणातील कागदपत्रे राज्याच्या न्यायालयीन नियमांनुसार घरबसल्या पाहता येत नाहीत. प्रकरणांची सूची दिसली, तरी कागद पाहायला न्यायालयातच जावे लागते. नामसाधर्म्याचा प्रश्न इथे तीव्र होतो, कारण 2021 मध्ये अपील न्यायालयाने रिव्हरसाइड काउंटीच्या प्रकरणात असे ठरवले की न्यायालयाच्या संकेतस्थळावर जन्मतारीख किंवा वाहन परवान्याचा क्रमांक टाकून फौजदारी प्रकरणे शोधू देणे नियमांत बसत नाही. पाटील, जोशी, शाह किंवा सिंग यांची यादी उघडल्यावर नेमका माणूस कोणता, हे त्यामुळे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणाऱ्या शोधाला 15 डॉलर, साध्या प्रतीला पानामागे 50 सेंट आणि प्रमाणित प्रतीसाठी 40 डॉलर असे शुल्क आहे. न्यायालयाची नोंद निर्दोष असते असेही मानू नये: 2016 मध्ये या काउंटीने न्यायालयासाठी नवी संगणक प्रणाली घेतली, तेव्हा चुकीच्या नोंदींमुळे काही लोकांना विनाकारण अटक झाल्याच्या तक्रारी काउंटीच्या सरकारी बचाव वकिलांनी जाहीरपणे मांडल्या होत्या.

चौथा पर्याय राज्याच्या न्याय विभागाचा, आणि बाहेरच्या माणसासाठी तो बंदच आहे. संपूर्ण राज्यातील अटका व निकाल एकत्र असलेला गुन्हे-इतिहास कॅलिफोर्निया सार्वजनिक मानत नाही. आपल्या स्वतःचा इतिहास मात्र लाइव्ह स्कॅन या संगणकीय पद्धतीने बोटांचे ठसे आणि 25 डॉलर देऊन मागवता येतो, त्यात ठसे घेणाऱ्या केंद्राचे शुल्क वेगळे. एफबीआयकडूनही स्वतःपुरता असा इतिहास 18 डॉलरमध्ये मिळतो. दुसऱ्याचा इतिहास उघड करणे खासगीपणावर आक्रमण ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच म्हटले आहे, जरी त्यातली प्रत्येक घटना कोणत्या ना कोणत्या स्थानिक कचेरीत उघडपणे लिहिलेली असली तरी. ठशांवरून जुळवणी होत असल्याने इथे नामसाधर्म्य आड येत नाही.

खासगी संकेतस्थळांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याकडे मूळ असे काहीच नसते. तुरुंगाच्या यादीची एका दिवसाची नक्कल उचलून ती वर्षानुवर्षे दाखवली जाते. आरोप मागे घेतले किंवा नोंद मोहोरबंद, म्हणजे लोकांसाठी बंद झाली, तरी तिथले पान तसेच राहू शकते. अटकेची छायाचित्रे काढून टाकण्यासाठी पैसे मागणे कॅलिफोर्नियाने 2015 पासून बेकायदा केले आहे. यांपैकी अनेक संकेतस्थळांच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ही माहिती नोकरी किंवा भाडेकरू निवडण्यासाठी वापरू नये, आणि ते वाचेपर्यंत पैसे भरून झालेले असतात.

आता निवड. रात्री दहा वाजता भाचा घरी आला नाही आणि मित्र सांगतो की पोलिसांनी नेले, अशा वेळी अर्ज आणि न्यायालय बाजूला ठेवून सँटा रीटाची यादी पाहावी, आणि नाव दिसले नाही तर तुरुंगाला फोन करावा, कारण नोंद पूर्ण व्हायला काही तास जातात. अटक झालेल्याला तीन तासांच्या आत तीन फोन करण्याचा हक्क असतो, आणि रविवार व सुट्ट्या वगळून 48 तासांत त्याला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते. तो भारतीय नागरिक असेल, तर भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी तो करू शकतो. अठरा वर्षांखालील मुलाचे नाव मात्र सार्वजनिक यादीत येणार नाही. त्याची चौकशी पालकांनी काउंटीच्या बालन्याय विभागाकडे करावी.

स्वतःची जुनी अटक व्हिसा किंवा नागरिकत्वाच्या अर्जासाठी सिद्ध करायची असेल, तर न्यायालयाची प्रमाणित प्रत आणि राज्याचा ठशांवर आधारलेला अहवाल ही जोडीच उपयोगाची आहे. 2018 पासून, दोषसिद्धी न झालेली अटक मोहोरबंद करून घेण्याची सोय दंडसंहितेच्या 851.91 या कलमात आहे. पण नागरिकत्वाच्या अर्जात मोहोरबंद अटकही सांगावी लागते, म्हणून नोंद मोहोरबंद होण्याआधीच प्रमाणित प्रत काढून ठेवावी. पुराव्याअभावी पोलिसांनीच सोडून दिले असेल आणि कागदावर 849 (ब) (1) असे लिहिले असेल, तर कायद्याने ती अटक नव्हे, केवळ थांबवून ठेवणे समजले जाते. तो कागद जपून ठेवावा आणि अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला दाखवावा.

घरात भाडेकरू किंवा मुलांसाठी सांभाळणारी ठेवायची असेल, तर स्वतः शोध घेण्यापेक्षा कायद्याच्या चौकटीत काम करणाऱ्या पडताळणी संस्थेकडे, त्या व्यक्तीच्या लेखी संमतीने जावे. दोषसिद्धी न झालेली अटक अशा संस्थेला कॅलिफोर्नियात कळवता येत नाही, आणि मालकालाही उमेदवाराला तिच्याबद्दल विचारता येत नाही. प्रकरण अजून चालू असेल तेवढाच अपवाद. आणि शेजारच्या गल्लीत काल दिवे लावून तीन गाड्या का उभ्या होत्या एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर शेरीफकडे तारीख, अंदाजे वेळ आणि रस्त्याचे नाव लिहून चार ओळींचा अर्ज करावा आणि दहा दिवस थांबावे.