पद्मिनी की मारुती ८००? घरी दुरुस्त करायची जुनी गाडी निवडताना

जुनी गाडी घ्यायची आणि ती घरच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने सांभाळायची, असे मनात आलेल्या महाराष्ट्रातल्या माणसापुढे बहुतेक वेळा दोन नावे येतात: प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८००. दोन्हींचे सुटे भाग अजून मिळतात, दोन्हींना हात लावलेले मिस्त्री अजून आहेत आणि ८०० कार्बुरेटरची असेल तर दोन्हींत संगणकाचा संबंध येत नाही. मी पद्मिनी नऊ वर्षे सांभाळली आणि ८०० अजून दारात उभी आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की यांतली चांगली कोणती हा प्रश्न फारसा कामाचा नाही, कारण त्रास दोन्ही देतात. पद्मिनी दर आठवड्याला थोडे थोडे मागते, ८०० महिनोन्‌महिने गप्प बसते आणि मग एकदम मागते. यांतला कोणता त्रास आपल्याला झेपेल, त्यासाठी जागा, वेळ आणि सोसायटीच्या सचिवांची मर्जी आपल्याकडे किती आहे, हे आधी पाहावे.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००. ती १९६४ पासून आपल्याकडे फियाट ११०० डिलाइट या नावाने निघाली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन लांबीच्या दिशेने उभे बसवलेले, ताकद मागच्या चाकांना, मागच्या सस्पेन्शनला पाट्यांच्या स्प्रिंगा. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, १९८६ मध्ये तिचा पत्रा बदलला आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे, ताकद पुढच्या चाकांना. इंजिन उभे की आडवे, हा वाचायला क्षुल्लक वाटणारा फरक घरी काम करणाऱ्याला रोज भोगावा लागतो.

पद्मिनीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात, पाना आणि वेळ पडली तर डोकेसुद्धा आत जाईल इतकी जागा असते. डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), कार्बुरेटर, एसी पंप (पेट्रोल ओढणारा पंप), टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) झाकण हे सगळे समोर दिसते आणि जे दिसते ते पोचता येण्यासारखे असते. नवशिक्याला शिकण्यासाठी याहून सोपे इंजिन मला माहीत नाही. डेल्कोमधले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासून त्यांची फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, लावणे आणि टॅपेट जुळवणे ही कामे मी पुस्तक उघडे ठेवून पहिल्याच वर्षी शिकलो. अडचण अशी, की ती शिकून मोकळे होता येत नाही. पॉइंट पुन्हा झिजतात, पावसाळ्यात डेल्कोच्या टोपीत ओल धरते आणि सकाळी कामावर निघायच्या वेळी गाडी नुसती खोकत राहते. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनना वेळच्या वेळी ग्रीस लागते. मी दर दीड-दोन हजार किलोमीटरला ग्रीसगन घेऊन गाडीखाली जात असे, आणि एखादे निपल मातीने बुजलेले असले, की ग्रीस आत जाण्याऐवजी कोपरापर्यंत येत असे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर असेल तर त्याच्या सांध्यांतले बुश झिजून गिअर दोन खाचांच्या मध्येच अडकतो. सिग्नलला उतरून बॉनेट उघडायचे आणि हाताने दांडी सरकवायची, ही कला त्या काळच्या बहुतेक टॅक्सीवाल्यांना येत होती आणि मलाही ती शिकावी लागली.

उन्हाळ्यातला व्हेपर लॉक हा पद्मिनीचा खास प्रकार. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असल्याने इंजिन तापले की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही आणि कार्बुरेटर कोरडा पडतो. मे महिन्यात खंबाटकी घाटात माझी गाडी अशीच बसली, तेव्हा मागून आलेल्या एका वयस्कर ट्रकचालकाने काहीही न विचारता आपला ओला पंचा पंपावर टाकला, विडी ओढून संपवली आणि म्हणाला, "आता मारा." गाडी लगेच सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून डिकीत पाण्याची बाटली आणि फडके कायमचे ठेवले. याच पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून ऑइलची पट्टी काढल्यावर नुसती पातळी पाहू नये, वासही घ्यावा. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी त्याच क्षणी बंद ठेवावी. पडदा बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे, पण पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंगचे काम निघते, आणि ते घरी होत नाही.

८००मध्ये असले रोजचे लाड नाहीत. कार्बुरेटरवाली नीट लावलेली ८०० चोक ओढला की सुरू होते आणि मग महिनोन्‌महिने तुमची आठवण काढत नाही. वजनाला ती साडेसहाशे किलोच्या आसपास असल्याने साधा जॅक तिला सहज उचलतो, चाक एकट्याने चढवता येते आणि बंद पडली तर दोघांनी ढकलूनही जाते. पद्मिनी तिच्याहून बरीच जड आहे, हे ती ढकलायची वेळ आल्याशिवाय कळत नाही. (जॅक कोणताही असो, घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. विटांवर टेकवलेल्या गाडीखाली झोपणारे शूर लोक मी पाहिले आहेत, त्यांचे अनुकरण करू नये.)

८००चा त्रास सुरू होतो तो तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळते ठेवणारा दातेरी रबरी पट्टा, बदलायच्या दिवशी. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलायलाच हवा, कारण रबर किलोमीटरने झिजते तसे वर्षांनीही कडक होते. इंजिनाचा तो भाग बाजूच्या पत्र्याजवळ येतो. आधी फॅनबेल्ट, मग पुली, मग कव्हर अशा क्रमाने जावे लागते आणि पुलीचा बोल्ट सुटेपर्यंत अर्धी सकाळ जाते. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला, गाडी सुरूही झाली, पण चढावर ओढेना. पुढचे दोन रविवार मी कार्बुरेटर उघडत राहिलो, जेट फुंकले, प्लग बदलले, शेजाऱ्यांचे सल्ले ऐकले. शेवटी कव्हर पुन्हा काढले तर बेल्ट एका दात्याने पुढे बसलेला होता. एका दात्याची चूक दिसायला नखाएवढी असते, आणि घट्ट जागेत वाकून पाहताना खूण थोडी तिरपी दिसते हे मला कोणी सांगितले नव्हते. आता मी बेल्ट चढवल्यावर पुली हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहतो, आणि मगच कव्हर लावतो.

८००च्या रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. तो चालू करणारा थर्मोस्विच किंवा त्याची वायर गेली, तर मोकळ्या रस्त्यावर काही जाणवत नाही आणि शहरातल्या गर्दीत काटा चढतो. तो वेळेवर दिसला नाही, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते, हेड गॅसकेट जाते आणि प्रकरण लेथवाल्याकडे पोचते. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला तर तुटला, पण तो तुटलेला तरी डोळ्यांना दिसतो.

ब्रेकच्या कामात दोन्ही गाड्या घरच्यांची परीक्षा पाहतात. पद्मिनीला चारही ड्रम असल्याने जुळवाजुळव चारही चाकांची करावी लागते. नंतरच्या ८००ला पुढे डिस्क असते, त्यामुळे पॅड बदलणे तासाभराचे काम आहे. ब्रेकमधली हवा काढायला मात्र दुसरा माणूस लागतोच. माझी मुलगी आठवीत असताना पेडलवर पाय ठेवून बसायची, आणि मी चाकाजवळून "दाब… धर… सोड" असे ओरडायचो. तिसऱ्या चाकापर्यंत तिच्या अभ्यासाचे कारण निघायचे. हौसेने गाडी घेणाऱ्याने असा सहकारी घरात आहे का, हे आधी पाहून ठेवावे.

हत्यारांचीही एक गंमत आहे. दोन्ही गाड्या मेट्रिक आहेत, तरी इटालियन वळणाच्या पद्मिनीला १३ आणि १९ चे पाने सतत लागतात आणि जपानी वळणाच्या ८००ला १२ आणि १४ चे. एकीचा संच दुसरीला पुरत नाही, आणि कामचलाऊ पाना लावला की नटाचे कोन गोल होतात. गंजलेल्या सायलेन्सरचा स्टड तुटणे तर दोन्हीकडे ठरलेले. आदल्या रात्री तेल सोडून ठेवले, दुसऱ्या दिवशी हळूहळू मागेपुढे केले तरी तो शेवटी तुटतोच, आणि मग भोक पाडून नवे आटे मारावे लागतात. या एका कामासाठी मी आता हट्ट सोडला आहे आणि सरळ मिस्त्रीकडे जातो.

सुट्या भागांत ८००ची बाजू उघडच भारी आहे. तेच ७९६ सीसीचे इंजिन ओम्नीतही होते आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती, त्यामुळे इंजिनाच्या बाजूचे बरेच काही तालुक्याच्या गावातही मिळते. पद्मिनीचा बाजार मुंबईच्या टॅक्सींवर जगत होता. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. त्यानंतर ऑपेरा हाउस, कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्यातली नाना पेठ इथे नेहमीचे इंजिनाचे भाग मिळतात, पण दाराचे रबर, मागच्या दिव्याची काच, क्रोमच्या पट्ट्या यांच्यासाठी दुकानदाराला नंबर देऊन वाट पाहावी लागते. आणि मिळालेले रबर नवे असूनही दोन उन्हाळ्यांत चिरते, हे वेगळे.

रबरावरून पेट्रोलचा विषय निघतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि या दोन्ही गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बुरेटरची पॅकिंग हे सगळे त्यात लवकर खराब होते, आणि इथेनॉल पाणी धरत असल्याने महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज सुरू होतो. गाडी घेतल्याबरोबर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. हा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, पण पद्मिनी जास्त काळ उभी राहते म्हणून तिला हा त्रास जास्त होतो.

इथवरचे सगळे घरी निस्तरता येते. घरी निस्तरत नाही तो पत्रा, आणि म्हणून मी इंजिनापेक्षा पत्र्यावर निर्णय घ्यायला सांगतो. ८००चा पत्रा पातळ आहे. तिचे रनिंग बोर्ड, पायाखालची फरशी आणि मागच्या सस्पेन्शनच्या बैठकी आतून सडतात, वरून रंग चकचकीत असतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात वर्षे काढलेली ८०० मी इंजिन कितीही गोड वाजत असले तरी घेणार नाही. पद्मिनीचा पत्रा जाड वाटतो, पण तीही चेसिसवर बसवलेली गाडी नाही, पत्र्याचाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे फरशी सडली तर तिचाही कणाच गेला. वेल्डिंग, पत्रा कापणे, रंग ही कामे पार्किंगमध्ये होत नाहीत, आणि बाहेर दिली की गाडी सहा-सहा महिने गॅरेजच्या अंगणात पडून राहते. माझी पद्मिनी मी शेवटी याच कारणाने दिली. इंजिन उत्तम होते.

कागदपत्रांत दोघींना समान न्याय आहे. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि २० वर्षांवरच्या मोटारींना २०२५ मध्ये ते १०,००० झाले. पीयूसीसाठी कार्बुरेटर पातळ मिश्रणावर लावावा लागतो आणि मग गाडी ओढत नाही, ही कुरकुर दोन्हींच्या मालकांकडून ऐकू येईल. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली पद्मिनी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज वापरता येत नाही.

ज्याला रविवारी काम करायला आवडते, ज्याच्याकडे झाकलेली जागा आहे आणि जाण्यायेण्यासाठी दुसरे वाहन आहे, त्याने पद्मिनी घ्यावी. ज्याला जुन्या गाडीने खरोखर प्रवास करायचा आहे, त्याने कार्बुरेटरची ८०० घ्यावी आणि पहिल्याच महिन्यात टायमिंग बेल्ट, थर्मोस्विच व नळ्या बदलून घ्याव्यात. एकच गाडी परवडत असेल आणि तीच ऑफिसला न्यायची असेल, तर पद्मिनीचा विचार करू नये, हे मी पद्मिनीवर जीव असूनही सांगतो.

पाहायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर न्यावा, आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गार इंजिन हाताला गार लागले पाहिजे. कार्पेट उचलून फरशी टोचून पाहावी, चुंबक न चिकटणारी जागा म्हणजे पुट्टी. ८००चे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवावे, पुढून कट्‌कट् आवाज आला तर एक्सलचा सांधा गेलेला आहे. पद्मिनीची पुढची चाके जॅकवर उचलून वरखाली हलवावीत, ठक्‌ठक् जाणवले तर किंगपिनचे काम धरून किंमत पाडावी. आणि चेसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.